उतरणाऱ्याआधी वरची माणसे ठरवा

विहिरी तळाला गेल्या की आपल्या पालम तालुक्यात गाळ काढायची कामे निघतात. आखाड्यावरच्या शौचालयाची टाकीही याच दिवसांत उपसली जाते. काम तास-दोन तासांचे वाटते. म्हणून कोणी काही ठरवत नाही. माणसे बोलावली, उतरवली, झाले.

आपल्याच जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा शिवारात, मे 2023 मध्ये सेप्टिक टँक साफ करताना 5 मजूर गुदमरून मेले. सहाव्याला दवाखान्यात न्यावे लागले.

पुढच्या वर्षी, ऐन गुढीपाडव्याला, नेवासा तालुक्यातल्या वाकडीत काय झाले तेही ऐका. जुन्या विहिरीत बायोगॅसची शेणमळी साठवलेली होती. त्यात मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला. त्याच्या मागे दुसरा, मग तिसरा. असे 5 जण गेले. नंतर उतरलेला एक मात्र वाचला. त्याच्या कमरेला दोर होता.

ही गोष्ट घरातल्या पोरांनाही सांगा. आपला माणूस आत कोसळला की डोके चालत नाही, पाय आधी धावतात. वाचवायला जाणाराही अशा ठिकाणी मरतो.

आतला वायू दिसत नाही. सडका वास येतो, पण वायू फार झाला की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. वास गेला म्हणजे धोका गेला, असे समजू नका. जुनी माणसे विहिरीत कंदील सोडून बघत. कंदील विझला तर उतरू नका, हे खरेच. पण तो जळत राहिला म्हणजे हवा चांगली आहे, असेही नाही. शौचालयाच्या टाकीजवळ तर काडीसुद्धा ओढू नका, भडका उडतो. विहिरीत डिझेल इंजिन लावले असेल तर त्याचा धूर आत साठतो. तोही जीव घेतो.

टाकीत माणूस उतरवूच नका. मैला उपसायची गाडी बोलवा. नगरपंचायतीत किंवा ग्रामपंचायतीत विचारा, गाडी कुठे मिळते ते सांगतील. पैसे थोडे जास्त जातील, जाऊ द्या. साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या खेपेलाच 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, 2 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा टाकी साफ करून घेणाऱ्या मालकालाही लागतो.

विहिरीत उतरायचेच असेल, तर आधी वर कोण थांबणार ते ठरवा. एक माणूस बेशुद्ध माणसाला वर ओढू शकत नाही. तिघे तरी हवेत. उतरणाऱ्याच्या काखेखालून जाड दोर बांधा. दोराचे दुसरे टोक झाडाला किंवा पक्क्या खुंटाला बांधा, कुणाच्या नुसत्या हातात देऊ नका. वरच्यांनी दर थोड्या वेळाने हाक मारायची. उत्तर आले नाही की लगेच ओढायचे. वाकून बघायचे नाही, आत उतरायचेही नाही. काम एकट्याने नाही, आणि रात्री तर नाहीच.

दुसरी गोष्ट रस्त्याची. शेताला पत्ता नसतो. 108 ला फोन लावला तर गट नंबर सांगून गाडी येत नाही. गावाची पाटी, मारुतीचे देऊळ, डीपी, असे काही सांगा. एकाला मोटारसायकलवर फाट्यावर उभा करा. आखाड्यावर रेंज कुठे येते ते आधीच बघून ठेवा. पावसाळ्यात लेंडी नदीला पूर आला की पलीकडच्या गावांची वाट अडते, हे तुम्हाला माहीतच आहे. अशा वेळी जोखमीचे काम काढूच नका.

माणूस वर आला की मोकळ्या हवेत निजवा. घट्ट कपडे सैल करा. तोंडात पाणी घालू नका. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भराभर दाबत राहा. 108 वर बोलणारा काय सांगतो ते ऐका. गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या जीपने दवाखाना गाठा.

मजूर तुमच्या शब्दावर उतरतो. दोर नसेल तर त्याला उतरू देऊ नका, तो स्वतः तयार असला तरी.