संकल्पाची टिंगल पुरे!

नाताळचा गोठा अजून अंगणात असतो, तोच आपल्याकडे नववर्षाच्या संकल्पांची टिंगल सुरू होते. ‘संकल्प मोडण्यासाठीच असतात’ हे वाक्य घरोघरी एखाद्या सुभाषितासारखे उच्चारले जाते. ‘आम्ही त्या भानगडीत पडतच नाही’ असे सांगणारा तर शहाणा ठरतो. या शहाणपणाला आमचा स्पष्ट विरोध आहे. जो संकल्पच करीत नाही त्याचा संकल्प मोडत नाही, हे खरे. पण जो पेरीतच नाही त्याचेही पीक कधी बुडत नाही. म्हणून त्याला कुणी उत्तम शेतकरी म्हणत नाही!

टिंगल करणारे अनुभवाचा दाखला देतात. तो दाखलाही कच्चा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस व त्यांचे सहकारी यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात संकल्प करणारे आणि बदलाची इच्छा असूनही संकल्प न करणारे, अशा दोन गटांची तुलना होती. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ४६ टक्के लोक आपण यशस्वी झाल्याचे सांगत होते, तर दुसऱ्या गटातील अवघे ४ टक्के. निम्म्याहून अधिक संकल्प तडीस गेले नाहीत, हे आम्ही नाकारीत नाही. पण नुसत्या इच्छेच्या पदरात काय पडते, हेही याच आकड्यांत दिसते.

मग संकल्प मोडतात का? ‘यंदा रागावणार नाही, वेळ दवडणार नाही, पैसा उधळणार नाही’, असे दहा संकल्प एका रात्रीत सोडायचे आणि एकाचाही हिशेब ठेवायचा नाही, ही आपली रीत. किराणा दुकानदाराची उधारी आपण वहीत लिहितो. स्वतःला दिलेला शब्द मात्र हवेवर सोडतो!

हिशेबाची वही आपल्याच परंपरेत आहे. संत इग्नाशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिली. त्यात ‘विशेष आत्मपरीक्षण’ सांगितले आहे. एकच दोष निवडावा. सकाळी उठताच त्याविषयी सावध राहण्याचा निश्चय करावा. दुपारी आणि रात्री जेवणानंतर तासातासाचा आढावा घेऊन, जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके रेघेवर मांडावेत. मग दिवसाची दिवसाशी आणि आठवड्याची आठवड्याशी तुलना करावी. माणूस पडणार, हे संताने गृहीतच धरले आहे. ठिपके कमी होत आहेत का, एवढेच तो विचारतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांच्या २००९ सालच्या अभ्यासातही तेच धैर्य दिसते. नवी सवय अंगवळणी पडण्यास सर्वसाधारणपणे ६६ दिवस लागले; कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत २५४ दिवसांचा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने घडी विस्कटली नाही. १ जानेवारीस आरंभ केला, तर ६६ वा दिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतो. आपण मात्र २० जानेवारीलाच संकल्पाचे दफन करून मोकळे होतो!

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. ‘उद्यापासून पिणार नाही’ हे वाक्य ज्या घरातील मुलांनी अनेकदा ऐकले आहे, ती मुले संकल्पावरील विनोदाला हसत नाहीत. व्यसन जडलेल्या माणसाला केवळ निश्चय पुरत नाही. त्याला डॉक्टर हवा, ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’सारख्या सोबत्यांची साथ हवी. पण डॉक्टरच्या दारापर्यंत जाणे, हादेखील एक संकल्पच आहे. त्याची थट्टा करणारा मित्र त्या घराचे नुकसान करतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: यंदा एकच संकल्प करा, तोही मोजता येईल असा. ‘घरात शांतता राखीन’ असे मोघम बोलू नका. ‘रात्रीच्या जेवणाला मोबाईल हाती घेणार नाही’ असे म्हणा. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर रोज खूण करा. चुकलात तर ठिपका द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहा. आणि शेजारचा माणूस असे ठिपके मांडताना दिसला, तर कृपा करून हसू नका.