पाण्याच्या ग्लासची किंमत

मुलांनो, आई-बाबांबरोबर हॉटेलात गेलात की टेबलावर सर्वांत आधी काय येतं? पाण्याचे ग्लास! इडली-डोशाचे पैसे पडतात, पाणी मात्र फुकट. म्हणून दोन घोट पिऊन आपण ग्लास तसाच ठेवतो. उरलेलं पाणी जातं मोरीत.

या फुकटच्या पाण्याला एकदा चक्क किंमत लावली गेली, बरं का! 22 मार्च 2007. जागतिक जलदिन. न्यूयॉर्क शहरातल्या सुमारे 300 हॉटेलांनी गिऱ्हाइकांना सुचवलं, "रोज फुकट मिळणाऱ्या या ग्लाससाठी आज इच्छा असेल तर 1 डॉलर द्या." जमलेले पैसे 'युनिसेफ'मार्फत, ज्यांना स्वच्छ पाणी मिळत नाही अशा मुलांसाठी गेले.

लातूरकरांना ही किंमत शिकवायला नको. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं. पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी करायला बंदी घालावी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेच्या 10 वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी लातूरला आलं. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी वर्गणी काढली आणि मांजरा नदीचं सुमारे 18 किलोमीटरचं पात्र खोल-रुंद करायला घेतलं. हीच मांजरा पुढे नांदेड जिल्ह्यातून जाऊन गोदावरीला मिळते. म्हणजे नदी दोन्ही जिल्ह्यांची!

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. पैशाने नदी खोल करता येते, पाणी तयार करता येत नाही. ते पावसानेच यावं लागतं आणि आलेलं जपून वापरावं लागतं. 2018-19 च्या टंचाईत पुण्यातल्या अनेक हॉटेलांनी अर्धाच ग्लास पाणी द्यायला सुरुवात केली. हवं त्याने पुन्हा मागावं.

आपल्याकडच्या हॉटेलांनाही दोन्ही जमेल. ग्लास अर्धा भरायचा आणि गल्ल्यावर नदीसाठी एक डबा ठेवायचा. किती जमले, कुठे खर्च झाले, हे मात्र फळ्यावर लिहायला हवं. हिशेब दिसला की माणसं विश्वासाने देतात.

आता तुमचं गणित. एका हॉटेलात रोज 300 गिऱ्हाइकं येतात. प्रत्येकाने 100 मिलिलिटर पाणी टाकलं, तर दिवसाला किती लिटर? आणि महिन्याला? उत्तर काढा, आईला सांगा आणि ती किती दिवस पुरवील ते विचारा. पुढच्या वेळी हॉटेलात गेलात की वेटरकाकांना आधीच सांगा, "काका, अर्धाच ग्लास द्या!"