त्वचेचा लिम्फोमा : रिपोर्टमधली प्रथिनं काय सांगतात?

कमरेवर किंवा मांडीवर लालसर चट्टा उठतो, खाज सुटते. घरात कुणी म्हणतं गजकर्ण, कुणी म्हणतं इसब. मेडिकलमधून ट्यूब येते, चट्टा फिका होतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा दिसू लागतो. बहुतेक वेळा हा साधा त्वचारोगच असतो. पण क्वचित वर्षानुवर्षं न जाणाऱ्या चट्ट्यामागे त्वचेचा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग असू शकतो.

आजार नेमका कोणता?

आपल्या शरीरातल्या टी पेशी संसर्गाशी लढतात. याच पेशी बेसुमार वाढून त्वचेत साठू लागल्या की हा आजार होतो. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे मायकोसिस फंगॉइडिस. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ जाँ-लुई आलिबेर यांनी १८०६ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यातल्या गाठी अळंबीसारख्या दिसल्या म्हणून हे नाव पडलं. प्रत्यक्षात बुरशीशी याचा संबंध नाही आणि तो एकमेकांना लागतही नाही.

आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर, विशेषतः मुलं आणि तरुणांमध्ये, तो लाल न दिसता फिकट डागांच्या रूपातही येतो. त्यामुळे कोड किंवा कुष्ठरोग समजून गल्लत होऊ शकते. हा फिकट प्रकार सहसा सावकाश वाढतो.

निदान झालं की घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘आता पुढे काय?’ याचं उत्तर शोधताना डॉक्टर काही प्रथिनांकडेही पाहतात.

रिपोर्टमधली तीन नावं

एलडीएच : हे रक्तात मोजलं जाणारं प्रथिन आहे. पेशी जास्त प्रमाणात तुटू लागल्या की ते वाढतं. आजार पुढच्या टप्प्यात असताना ते वाढलेलं असेल तर डॉक्टर अधिक सावध होतात. पण यकृताचा त्रास, स्नायूंची दुखापत किंवा रक्ताचा नमुना नीट न घेतला जाणं, यांमुळेही हा आकडा वर जातो.

की-६७ : वाढीच्या, विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशींमध्ये हे प्रथिन सापडतं. बायोप्सीच्या तुकड्यात ते किती पेशींमध्ये आहे, यावरून वाढीच्या वेगाचा अंदाज येतो.

सीडी३० : हे पेशीच्या पृष्ठभागावर असतं. गंमत म्हणजे याचा अर्थ आजारानुसार बदलतो. लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिस या विकारात पुटकुळ्या येतात आणि आपोआप जातात. तिथे अनेकदा भरपूर सीडी३० सापडतं, तरी रुग्णाचं भवितव्य उत्तम असतं. मायकोसिस फंगॉइडिसमध्ये मात्र सीडी३०सोबत पेशी मोठ्या होऊ लागल्या असतील तर बारीक लक्ष ठेवावं लागतं. याच प्रथिनाला शोधून पेशीवर मारा करणारं ब्रेंटुक्सिमॅब वेडोटिन हे औषधही आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये ते या आजारासाठी मंजूर झालं. म्हणजे सीडी३० ‘पॉझिटिव्ह’ येणं ही दर वेळी वाईट बातमी नसते. कधी कधी त्यामुळे उपचाराचा आणखी एक पर्याय मिळतो.

आकडा कुणाचा, हे आधी पाहा

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात १,२७५ रुग्णांची माहिती तपासली गेली. चार गोष्टी धोका वाढवणाऱ्या ठरल्या : वय ६० पेक्षा जास्त, आजार चौथ्या टप्प्यात, त्वचेतल्या पेशी मोठ्या होणं आणि वाढलेलं एलडीएच. यांपैकी एकच किंवा एकही नसलेल्या गटात पाच वर्षांनंतर ६८ टक्के रुग्ण हयात होते. तीन किंवा चारही असलेल्या गटात हे प्रमाण २८ टक्के होतं.

इंटरनेटवर असे आकडे वाचून कुणाचीही झोप उडेल. पण त्या अभ्यासातले सगळे रुग्ण आजार पुढे गेलेले होते. १० टक्क्यांपेक्षा कमी त्वचेवर फक्त चट्टे असलेल्या रुग्णाला ते आकडे लागू होत नाहीत. अशा रुग्णांचं आयुर्मान इतरांइतकंच असतं. बोटांसकट आपला एक तळहात म्हणजे साधारण १ टक्का त्वचा, एवढं लक्षात ठेवलं तरी अंदाज येईल.

म्हणूनच एखाद्या प्रथिनाचा आकडा म्हणजे जन्मपत्रिका नव्हे. चट्टे किती जागी आहेत, गाठी आहेत का, लसिका ग्रंथी आणि रक्तापर्यंत आजार गेला आहे का, हे पाहिल्यावरच त्या आकड्याला अर्थ येतो.

तुम्ही काय कराल?

* महिनोन्महिने न जाणारा किंवा परत परत येणारा चट्टा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.
* स्टिरॉइडची ट्यूब लावली असेल तर बायोप्सीआधी नक्की सांगा. तिच्यामुळे खुणा झाकल्या जातात.
* पहिल्या बायोप्सीत निदान झालं नाही आणि डॉक्टरांनी पुन्हा करायला सांगितली तर टाळू नका. सुरुवातीला हा आजार सहज पकडता येत नाही.
* चट्ट्यांचे फोटो तारखेसह ठेवा आणि सगळे रिपोर्ट एकाच फायलीत लावा.
* डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : आजार कोणत्या टप्प्यात आहे? हा आकडा वाढण्याचं दुसरं काही कारण असू शकतं का? यामुळे माझा उपचार बदलणार आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या आकड्याची धास्ती घेऊन रात्र जागवू नका. ठरलेली औषधं वेळेवर घ्या आणि पुढच्या तपासणीची तारीख चुकवू नका.