पंप गुरगुरतोय की गप्प बसलाय?

एप्रिल लागला की अकोला-अमरावतीत घरोघरी कूलरचा पंप उघडला जातो. टाकीतला गाळ काढायचा, जाळी धुवायची, ‘जाम झाला ना भाऊ!’ म्हणत चाक मोकळं करायचं... टेन्शन कुणालाच नसतं! पण जठारपेठेतल्या नाहीतर राजापेठेतल्या फ्लॅटमध्ये डिशवॉशरच्या तळाशी पाणी साचलं, की आपण थेट नव्या पंपाचा भाव विचारतो. जरा थांबा. घाण पाणी बाहेर टाकणारा ड्रेन पंप म्हणजे कूलरच्या पंपाचा चुलतभाऊच. छोटी मोटर, एक चाक आणि बरेचदा त्यात अडकलेला कचरा!

आधी फण्डा क्लिअर करू. बहुतेक मशीनमध्ये दोन पंप असतात. एक फवाऱ्यांना पाणी पुरवतो, दुसरा पाणी बाहेर टाकतो. पाणी नीट निघून जातंय, पण भांडी मळकटच? मग फिल्टर आणि फवाऱ्यांची भोकं तपासा. पाणी तळाशीच राहतंय? मग संशय ड्रेनवर.

आता कान द्या. पाणी सोडायच्या वेळी मशीन नुसतंच गुरगुरतं? बहुधा चाकात काहीतरी अडकलंय. मोटर मोकळी फिरल्यासारखी वाटते, तरी पाणी जात नाही? पाइप दुमडलाय किंवा सिंकखालचं तोंड तुंबलंय. आवाजच नाही? दोष मोटर, वायरिंग किंवा सर्किटमध्ये असू शकतो. इथे आपली हुशारी बंद, टेक्निशियनला बोलवा.

गुरगुर असेल तर कामाला लागा. नुसतं बटण नाही, प्लगच काढा. नळ बंद करा. मग आणि फडक्यानं पाणी उपसा. फिल्टर काढून धुवा. त्याच्या खाली बऱ्याच मॉडेलमध्ये पंपाचं झाकण असतं. ते कसं निघतं हे मॅन्युअलमध्ये बघा. ते वरून निघणारं नसेल, तर मशीन आडवं पाडण्याचा जुगाड नको. हातात जाड ग्लोव्ह घाला, फुटलेल्या ग्लासची काच तिथेच सापडते. शिवाय लिंबाच्या बिया, सांबाराच्या काड्या, बरणीचं लेबल, तारेच्या घासणीचा तुकडा... असा सगळा ऐवज!

चाक हळूच फिरवून बघा. ते झटके घेत फिरलं तर घाबरू नका. अशा अनेक मोटरींत लोहचुंबक असतो, त्यामुळे चाक तसंच फिरतं. एवढ्यावरून ‘पंप गेला’ असं ठरवू नका. झाकण घट्ट बसवा, फिल्टर लावा आणि पाणी काढण्याचा प्रोग्राम चालवून बघा.

आपल्याकडचा खरा व्हिलन मात्र पाणी! अकोल्याला काटेपूर्णाचं, अमरावतीला अप्पर वर्धाचं पाणी येतं. पण नळ नाही आला की बोअर आहेच. जड पाण्याचा पांढरा थर फवाऱ्यांवर, हीटरवर आणि पंपातही बसतो. त्यासाठी मशीनमध्ये सॉफ्टनर असतो. त्यात डिशवॉशरचंच मीठ घाला, स्वयंपाकाचं नको. पाणी किती जड आहे ते तपासून सेटिंगही बदला.

पण पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात प्रश्न वेगळा आहे. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो, पाण्याचा खारटपणा नाही. म्हणून तिथलं खारं बोअरचं पाणी मशीनला लावू नका. नळाचं पाणी साठवून तेच टाकीतून द्या.

बाकी नियम सोपे. ताटातलं खरकटं आधी डब्यात, मग ताट मशीनमध्ये. फिल्टर आठवड्यातून एकदा धुवायचा. आणि पुढच्या वेळी तळाशी पाणी दिसलं, तर नव्या पंपाची ऑर्डर देण्याआधी पाच मिनिटं नुसतं ऐका. गुरगुर असेल, तर पैसे वाचायचा चान्स आहे!