रॉसला माफ, मग तिला का नाही?

इंजिनीअरिंगच्या होस्टेलमधे दोन गोष्टी सिनिअर्सकडून ज्युनिअर्सकडे न चुकता येतात. एक म्हणजे मागच्या पाच वर्षांचे पेपर्स आणि दुसरी म्हणजे ‘फ्रेंड्स’! २२ सप्टेंबर १९९४ ला सुरू होऊन ६ मे २००४ ला संपलेली ही अमेरिकन मालिका. एकूण २३६ एपिसोड्स. आमच्या बॅचमधले बहुतेक जण ती संपल्यावर जन्मले. तरी रॉस आणि रेचेलचं काय झालं, हे आम्हाला थर्मोडायनॅमिक्सच्या दुसऱ्या नियमापेक्षा जास्त पाठ आहे!

या मालिकेत प्रेमाचे घोळ किती झाले, मोजा. रेचेल दारूच्या नशेत रॉसच्या आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवते, की मी आता तुझ्यातून बाहेर पडले. बिचाऱ्या रॉसला ती आपल्यात अडकली होती हेच मुळी माहीत नसतं. लगेच पुढच्या एपिसोडमधे हा शहाणा चँडलरच्या नव्या लॅपटॉपवर रेचेल आणि ज्युली या दोघींची तुलना लिहून काढतो. रेचेलच्या खात्यात एक दोष असा, की ती ‘नुसती वेट्रेस’ आहे. आणि ती यादी नेमकी रेचेलच्याच हातात पडते. १९९८ मधे तर कहर! लंडनमधे लग्न एमिलीशी लागतंय आणि तोंडातून नाव निघतं रेचेलचं.

आपण पोट धरून हसतो. पण का हसतो? मला वाटतं, कारण आपल्याला खात्री असते. पुढच्या आठवड्यात तेच कॉफी हाऊस, तोच सोफा आणि तेच सहा जण असणार. 

आणि ही खात्री पहिल्याच एपिसोडमधे मिळते. रेचेल स्वतःच्या लग्नातून, नवरीच्या वेषात पळून येते. वडील फोनवर चिडतात. पण शाळेतली मैत्रीण मोनिका तिला आपल्या घरात ठेवून घेते. मोनिकाने त्या दिवशी दार लावून घेतलं असतं, तर २३६ जाऊ द्या, दुसरा एपिसोडसुद्धा झाला नसता!

आता वाशीमला या. पाटणी चौकात एखादी मुलगी वर्गातल्या मुलाशी पाच मिनिटं बोलली, तर ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचलेली असते. “काय बाप्पा, तुमची पोरगी दिसली!” माझ्या ओळखीच्या एका मुलीने एका मुलाला लिहिलेला मेसेज चुकून नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवला. चारच शब्द होते. एपिसोडमधे बावीस मिनिटांत मिटलं असतं. इथे तिचा मोबाईल गेला, होस्टेल गेलं, आणि तिसऱ्या सेमिस्टरनंतर तिचं नाव हजेरीतून गेलं. तो मुलगा? तो अजून आमच्यासोबत प्रॅक्टिकल्स करतो. मित्र त्याला चिडवतात, तो लाजतो. घोळ एकच, पण त्याच्यासाठी कॉमेडी आणि तिच्यासाठी डिग्रीचा शेवट. हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, “ती अमेरिका आहे, आपली संस्कृती वेगळी.” बरं. मग दहाव्या शतकाच्या आसपासचा राजशेखर काय सांगतो ते पाहा. ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात त्याने एक कथा दिली आहे. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाच्या मागे साहित्यविद्या देशभर फिरते, आणि शेवटी विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्व विवाह होतो. गांधर्व म्हणजे आजच्या भाषेत लव्ह मॅरेज. आणि वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम! तिथेच तो या गावाला कामदेवाचं क्रीडास्थान म्हणतो. आता बोला!

मराठी टीव्हीवरसुद्धा २०१५ मधे ‘दिल दोस्ती दुनियादारी’ आली. फसलेल्या लग्नातून आलेल्या रेश्माला मुंबईच्या एका फ्लॅटमधल्या मुलामुलींनी सामावून घेतलं, आणि ते घराघरात आईबाबांनी आपल्या शेजारी बसून पाहिलं. म्हणजे पडद्यावर चालतं. प्रश्न आपल्या दारात आला की अडतो.

याचा अर्थ रॉसचं सगळं गोड मानायचं, असा नाही. रेचेलच्या ऑफिसातल्या मार्कवरून तो जो संशय घेतो, तिच्या कामात जी लुडबुड करतो, तो घोळ नव्हे. तिथे हशा पिकतो म्हणून ते प्रेम होत नाही. चुकून झालेलं आणि दुसऱ्याला बांधून ठेवण्यासाठी केलेलं, यातला फरक आपल्याला कळलाच पाहिजे.

मोठ्यांना एवढंच सांगणं आहे, की रागवा, अबोला धरा, पण तिची फी भरणं थांबवू नका. एका मेसेजची शिक्षा चार वर्षांची डिग्री असू शकत नाही.

आणि मित्रमैत्रिणींनो, आपल्या हातातही बरंच आहे. कोणाचा मेसेज चुकून आपल्याकडे आला, तर स्क्रीनशॉट काढू नका. कॅन्टीनमधे कोणाचं नाव कोणाशी जोडण्याआधी, त्याची किंमत दोघांपैकी कोण मोजणार याचा विचार करा. आणि घोळ करून बसलेली मैत्रीण दुसऱ्या दिवशी वर्गात आली, तर बेंचवर थोडं सरकून तिला जागा द्या. दहा वर्षं त्या सोफ्यावर याहून वेगळं काय चाललं होतं?