पेशकाराला वेळ द्या

एकल तबलावादनातली उपज, म्हणजे वाजवतानाच सुचत जाणारा विस्तार, सर्वांत ठळक दिसते ती पेशकारात आणि कायद्यात, आणि मैफलीत नेमका हाच भाग आखडत चालला आहे. १५ डिसेंबर २०२४ रोजी उस्ताद झाकिर हुसेन गेले. त्यानंतर तबल्यावर पुष्कळ लिहिले गेले. त्यात बोटांच्या वेगाचे कौतुक उदंड, विस्ताराचा उल्लेख तुरळक. ‘उत्स्फूर्तता’ हा विषय घेतलेल्या या अंकात तरी ती कसर भरून निघायला हवी.

एकलवादनाला आधार लेहऱ्याचा. हार्मोनियम किंवा सारंगीवर एका आवर्तनाची धून फिरत राहते, तीनतालात १६ मात्रांची. सम कुठे आहे हे लेहरा सांगत असतो, म्हणूनच तबलजीला लयीशी निर्धास्त खेळता येते. आरंभ पेशकाराचा: विलंबित लय, डौलदार चाल, दायाँ-बायाँचा तोल. इथे बंधने सैल असतात. कायद्यात ती आवळली जातात.

विद्यार्थ्याला सुरुवातीलाच मिळणारा दिल्ली बाजाचा कायदा घ्यावा: धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट धाधा धिंना. ‘ताता’ला बायाँची घुमार थांबते, ही खाली; पुढच्या ‘धाधा’ला घुमार परतते, ही भरी. पलट्यात याच बोलांची उलटापालट करायची. बाहेरचा बोल आणायचा नाही, खाली-भरी मोडायची नाही. ‘धाधा तिट’ दोनदा घ्यावे, तीनदा घ्यावे, नुसता ‘तिट’ खेळवावा. एवढ्याशा सामग्रीतून जाणकार वादक बराच वेळ नवे काढत राहतो. शिकवताना पलटे क्रमाने पाठ करून घेतात, ते योग्यच आहे. पण तेच पलटे त्याच क्रमाने मैफलीत वाजले, की ऐकू येते ते पाठांतर.

ही अपेक्षा सगळ्याच प्रकारांकडून नाही. रेल्यात वेग शोभतो. गत, तुकडा, चक्रदार या बांधीव रचना. बुजुर्गांची बंदिश जशीच्या तशी, निकासासह मांडणे हीच तिथली कसोटी.

विस्ताराचा नमुना म्हणून तबलावादक अहमदजान थिरकवा यांच्याकडे पाहावे. ते मुंबईत मुनीर खाँ यांच्याकडे शिकले आणि पुढे गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला बसले. त्यांच्या एकलवादनाची ध्वनिमुद्रणे ऐकावीत: पेशकारात घाई नाही, प्रत्येक बोल सुटा आणि गोड. असा पेशकार दोन गायनांच्या मधल्या वीस मिनिटांत मावत नाही. आयोजकांनी एकलवादनाला पूर्ण तास द्यावा आणि परीक्षकांनी विद्यार्थ्याला अनोळखी कायदा देऊन समोरच पलटे करायला सांगावे.