पुडी आणि खोका

भीमाशंकर कारखान्याचं गाळप सुरू झालं, निरगुडसर-पारगाव पट्ट्यात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडल्या आणि आपल्या दवाखान्यांत जुलाबाचे पेशंट वाढले. ओझर-लेण्याद्रीच्या बसगाड्या तर बारमाही. ट्रॅव्हलर्स डायरियाचा पुस्तकातला पेशंट पासपोर्ट घेऊन येतो. आपला टायरगाडीतून नाहीतर अष्टविनायकाच्या बसमधून उतरतो. जंतू तेच, उपचारही तोच.

यंदा वाचकांच्या पत्रांतली तक्रारही एकच आहे. ‘ओआरएस’ लिहून दिलं की दुकानातून अजूनही फळाच्या चवीचा खोकाच हातात पडतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १४ ऑक्टोबर २०२५ ला आदेश काढला, की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयावर, ब्रँडच्या नावात गुंफूनसुद्धा, ‘ओआरएस’ ही अक्षरं छापायची नाहीत. छान झालं. पण हीच मनाई याच प्राधिकरणाने ८ एप्रिल २०२२ ला केली होती. शंभर दिवसही झाले नव्हते, तोच १४ जुलैला पळवाट काढून दिली: नाव ठेवा, फक्त ‘हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेलं ओआरएस नाही’ एवढं लिहा. म्हणजे खोक्याच्या तोंडावर ठळक अक्षरांत ओआरएस आणि त्याच खोक्यावर, इंग्रजीत, ओआरएस नसल्याची कबुली! बीडहून आलेल्या कोयत्यातल्या बाईने पोराला मांडीवर घेऊन ती ओळ वाचायची, अशी अपेक्षा होती का? हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा साडेतीन वर्षांनी गाडी मूळ जागी आली. त्यावरही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्याच, आणि नोव्हेंबरात राज्यांना माल उचलण्याबद्दल पुन्हा बजावावं लागलं.

सूत्र आपल्याला पाठ आहे: लिटरला सोडियम ७५, ग्लुकोज ७५, ऑस्मोलॅरिटी २४५. ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम. खोक्यात साखर याच्या कित्येक पट आणि सोडियम तोकडं. ते पाजलं की आतड्यात पाणी उलट ओढलं जातं. जुलाब वाढतात आणि आई म्हणते, डॉक्टर, तुमचं औषध लागू पडत नाही.

आता आपल्याकडे वळू. चिठ्ठीवर ‘ओआरएस भरपूर’ एवढंच खरडणारे कोण? आपणच. किती ग्रॅमची पुडी, किती पाण्यात, किती वेळात, काही नाही. मग लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवली जाते, नाहीतर अर्धी वापरून उरलेली खिळ्याला टांगली जाते. प्रवासातल्या माणसाकडे माप असतंच: लिटरची पाण्याची बाटली. सीलबंद बाटली काठोकाठ भरलेली असते, म्हणून आधी दोन घोट पिऊन टाकायचे, कागदाची सुरळी करून पूर्ण पुडी आत सोडायची, हलवायची आणि चोवीस तासांत संपवायची. कोपीत रिकामी बाटली मिळतेच. पाणी मात्र उकळून गार केलेलं. हे सांगायला एक मिनिट लागतं. सलाईन लावायला अर्धा तास लागतो आणि बिलही होतं, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तोंडाने पिऊ शकणाऱ्याला बाटली टांगणं हा उपचार नव्हे.

तीच गत ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या जोडगोळीची. दिवसातून तीनदा पातळ झालं, ताप नाही, रक्त नाही, तरी पहिली गोळी तीच. दक्षिण आशियातल्या कॅम्पिलोबॅक्टरवर क्विनोलोन चालेनाशी होऊन काळ लोटला. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावर गिया-बारेचे रुग्ण निघाले, तेव्हा काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनीच सापडला होता. तो आपल्याच जिल्ह्यातला. सौम्य जुलाबाला प्रतिजैविक नको. ताप, रक्त किंवा माणूस आडवा पडण्याइतका त्रास असेल तर मोठ्यांना ॲझिथ्रोमायसिन, एक ग्रॅम एकदाच किंवा पाचशे मिलिग्रॅम तीन दिवस. लोपेरामाइड ताप-रक्त असताना नाही आणि लहान पोरांना तर नाहीच. पोरांना झिंक चौदा दिवस. टोळी फड बदलणार म्हणून पूर्ण कोर्स पहिल्याच दिवशी हातात द्या.

गाळप संपेपर्यंत प्रत्येकाने टेबलावर पुड्यांचा एक डबा ठेवावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात पुड्या असतात. त्या कोपीपर्यंत नेणारं कोणी नसतं. मुकादमाला बोलावून घ्या, त्याच्या हाती वीस पुड्या द्या आणि बाटलीत कालवून दाखवा. चिठ्ठीवर स्वच्छ देवनागरीत लिहा: ‘पावडरची पुडी, एक लिटर पाण्यात. खोका नको.’ एवढं करूनही दुकानदाराने जुन्या नावाचा खोका दिलाच, तर अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयात लेखी तक्रार करा. सोबत बिल, बॅच नंबर आणि खोक्याच्या पुढच्या बाजूचा फोटो जोडा, आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा.